सहापैकी एक

मंगळवार आणि शुक्रवार हे भूपालअण्णा चौगुल्यांचे बिनसाबणाचे दिवस. त्या दिवशी डोक्याला तेल नाही, कपाळाला गंध नाही, देवापुढे उदबत्ती नाही. कांदा-लसणाचा प्रश्नच नव्हता. चौगुल्यांच्या घरात तो कधी शिजला नव्हता, आणि ही गोष्ट अण्णांनी समितीतल्या प्रत्येकाला निदान तीनदा तरी ऐकवली होती. सकाळी सहाला नुसत्या गरम पाण्याने आंघोळ करायची, साध्या पाण्यात धुतलेला सदरा चढवायचा आणि वेणापूरच्या जुन्या वॉर्ड ऑफिसकडे निघायचं. वय अडुसष्ट, पण या दोन दिवशी चाल पन्नाशीची.

वॉर्ड ऑफिसच्या वरच्या मजल्यावर गंध समिती भरत असे.

वेणापुरात त्या काळी समित्यांना तोटा नव्हता. शहराचा कारभार यंत्रांच्या हाती द्यायचा तर प्रत्येक यंत्रामागे शहरातली नऊ साधी माणसं बसली पाहिजेत, असा कायदा झाल्यापासून गल्लोगल्ली सभासद झाले होते. आवाज समिती होती, दिवे समिती होती, भटक्या कुत्र्यांच्या तर दोन होत्या आणि त्यांचं एकमेकींशी पटत नसे. पगार नाही, भत्ता नाही. सभा संपली की चहा आणि दोन बिस्किटं. ज्यांना घरी कुणी विचारत नाही ते समितीत जातात, असं लोक चेष्टेने म्हणत. त्या चेष्टेला अण्णा सगळ्यात मोठ्याने हसायचे.

गंध समितीच्या यंत्राचं नाव नासिका. शहरभर विजेच्या खांबांवर तिच्या हजारभर पेट्या बसवल्या होत्या. प्रत्येक पेटीत शेकडो पातळ पापुद्रे. हवेतले रेणू त्यांना चिकटले की पापुद्र्यातून वाहणारी वीज किंचित बदलते, आणि कुठे किती बदलली यावरून हवेत काय तरंगतंय ते नासिकेला कळायचं. गंधक किती, अमोनिया किती, सगळं अगदी कणाकणाने. एकच गोष्ट तिला कळत नसे, ती म्हणजे घाण कशाला म्हणायचं. पिकलेल्या फणसाचे रेणू तेच असतात, पण एक जण ताट पुढे ओढतो आणि दुसरा घराबाहेर पळतो. रेणू हवेत असतात, वास माणसात असतो. म्हणून तिला शिकवायला माणसं लागत.

ती नऊ माणसं नऊ आडोशांत बसत. शहरातल्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून भरून आणलेल्या हवेच्या पिशव्या नळीने एका काचेच्या वाटीला जोडलेल्या असत. वाटी नाकाला लावायची, दोन श्वास घ्यायचे आणि समोरची चकती फिरवायची. शून्य म्हणजे काही नाही, सहा म्हणजे उभं राहवत नाही. नवांच्या आकड्यांवरून नासिका आपला आकडा ठरवी, आणि तो तीनच्या वर गेला की त्या भागातल्या कारखान्याच्या झडपा आपोआप बंद होत. साहेबाची सही लागत नसे आणि पुढाऱ्याचा फोन चालत नसे.

पण नवांची नाकं सारखी थोडीच असतात? त्यासाठी विश्वासांक होता. दर सभेत एक पिशवी तपासणीची असे. तिच्यात ठरावीक प्रमाणात स्पिरिटसारखा एक वायू मिसळलेला. तो ज्याला नेमका ओळखता येई आणि ज्याचे बाकीचे आकडे समितीच्या एकूण आकड्याशी जुळत, त्याचा विश्वासांक वाढे. ज्याचा जास्त, त्याच्या नाकाला जास्त किंमत. दर महिन्याला हे अंक भिंतीवरच्या पडद्यावर लागत. सगळ्यात वर, सुरुवातीपासून, एकच नाव होतं. भूपाल चौगुले, अठ्ठ्याऐंशी.

याचं नवल कुणाला वाटत नसे. अण्णा दूध संघात चौतीस वर्षं गावोगावचं दूध उतरवून घेत होते. कॅनचं झाकण उचलायचं, झाकणाखालचा वास घ्यायचा आणि तीन सेकंदांत सांगायचं: चांगलं, आंबायला लागलेलं, की म्हशीने काहीतरी भलतंच खाल्लेलं. नासलेल्या कॅनचं झाकण ते उलटं ठेवत. उलटं झाकण दिसलं की कॅन परत, मग तो चेअरमनच्या गोठ्यातला का असेना. पुढे म्हशीवाचून दूध करणारा कारखाना आला. यीस्टच्या पेशींना दुधातली प्रथिनं बनवायला शिकवलेलं, आणि मोठाल्या टाक्यांत ते यीस्ट आंबवत ठेवलेलं. कारखान्याचं नाव क्षीरधारा. दूध संघ बंद पडला, अण्णा निवृत्त झाले, आणि त्याच साली त्यांची बायको त्रिशला गेली. मुलगी पद्मजा ऑकलंडला. ती दर रविवारी फोन करी आणि "अण्णा, जेवलात का?" असं विचारी, तेव्हा तिच्याकडे दुपार टळलेली असे आणि अण्णांचा सकाळचा चहाही झालेला नसे.

त्रिशलाबाई गेल्यावरच्या एका महिन्यात अण्णांच्या लक्षात आलं की आठ दिवसांत आपलं नाव कुणीही घेतलेलं नाही. त्या दुपारी त्यांनी समितीचा अर्ज भरला.

आता आठवड्यातून दोनदा जिन्याच्या वरच्या पायरीवर पाय ठेवला की आठ माणसं म्हणत, "या अण्णा!"

त्या मंगळवारची तिसरी पिशवी कुंभारमळ्याच्या वस्तीतली होती. क्षीरधारेत दुधाची प्रथिनं काढून घेतल्यावर जो रबरबीत गाळ उरे, तो मळ्याच्या अंगालाच उघड्या हौदांत साठवत. पिशवीवर जागेचं नाव नसे. ते नंतर पडद्यावर येई. अण्णांनी वाटी नाकाला लावली, डोळे मिटले, दोन श्वास घेतले आणि चकती एकवर आणली.

पडद्यावर आकडे लागले. एक, दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. आणि एका टोकाला पाच.

पाच अर्थातच कमल लोहारांचा. पंचेचाळिशीची बाई, मळ्यातच राहणारी, घरी शिलाईकाम करणारी. तिचे आकडे कधीच कुणाशी जुळत नसत, त्यामुळे तिचा विश्वासांक घसरत घसरत अकरावर आला होता. आपल्या घराजवळ कारखाना नको म्हणून ती आकडा फुगवते, असं समितीत दबक्या आवाजात सगळे म्हणत. तरी चहाच्या वेळी ती अण्णांच्याच शेजारी बसे, कारण अण्णा बिनसाखरेचा घेत आणि तीही.

आज चहाचा कप हातात घेऊन ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

"अण्णा, एक विचारू? राग न्हाई ना येनार?"

"विचारा की."

"तुमास्नी खरंच वास आला न्हाई व्हय? आज तर वाटी लावल्याबरोबर माझ्या पोटात ढवळून आलं."

"कमलताई, मी चौतीस वर्षं नाकावर भाकरी खाल्लीय," अण्णा म्हणाले. आवाज जरा चढलाच. "असता तर कळला नसता का?"

"त्येच तर. तुमी म्हनला एक, म्हून बाकीचे बी खाली येत्यात. पयल्यांदा ही सगळी चार-चार म्हनत हुती. आठवतंय न्हवं?"

आठवत होतं. पहिल्या वर्षी, झडपा अजून नासिकेच्या हाती नव्हत्या तेव्हा, मळ्याच्या पिशवीला सगळेच, अगदी अण्णासुद्धा, चार-पाच देत. मग अण्णांचा आकडा उतरला. त्यांच्याशी न जुळणाऱ्यांचे अंक उतरू लागले, आणि एकेकाला वाटू लागलं की आपलंच नाक नको इतकं हळवं आहे. अण्णांना येत नाही म्हणजे नसेलच. हळूहळू सगळे खाली आले, एक कमल सोडून. अण्णांनी तेव्हा समजूत करून घेतली होती की कारखाना सुधारला. त्यांनी चहा संपवला आणि त्या दिवशी कमलताईंना "येतो" न म्हणताच जिना उतरले.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, दूध करपलं.

वेशीजवळच्या एका माणसाकडे अजून दोन म्हशी होत्या. त्याच्याकडून अण्णा हट्टाने अर्धा लिटर खरं दूध आणत. ते शेगडीवर ठेवून ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले. पेपर वाचून झाला, कोडं निम्मं सोडवून झालं, तेवढ्यात दारावर धाडधाड थापा पडल्या. वरच्या मजल्यावरच्या कारंजकरबाई नाकाला पदर लावून उभ्या होत्या.

"अहो अण्णा! घरात आहात आणि गप्प बसलात? जिन्यात उभं राहवेना!"

स्वयंपाकघर धुराने भरलं होतं. पातेल्यात दुधाचा कोळसा झाला होता. अण्णा त्याच्यापासून आठ फुटांवर बसले होते आणि त्यांना काहीही कळलं नव्हतं. करपलेल्या दुधाचा वास, जो त्यांना झोपेतून उठवत असे!

कारंजकरबाई गेल्यावर त्यांनी मिसळणाचा डबा काढला. हिंग हुंगला. काही नाही. जिरे, मेथ्या, ओवा. काही नाही. दगड हुंगावा तसं. मग देव्हाऱ्यातली कापराची डबी उघडली आणि नाकात चर्रकन झोंबलं. क्षणभर इतकं बरं वाटलं की ते पाटावर बसलेच. पण ते झोंबणंच होतं. त्यात कापूर नव्हता.

मग ते कपाटाकडे गेले आणि वरच्या फळीवरचा मोठा स्टीलचा डबा खाली घेतला. त्यात त्रिशलाबाईंची शाल होती. बाई रोज पहाटे मंदिरात पूजेसाठी चंदन उगाळायला जात. दहा हिवाळे ती शाल त्यांच्या खांद्यावर होती. त्या गेल्यावर अण्णा अधूनमधून डबा उघडत, झाकणाखालचा वास घेत आणि पुन्हा बंद करत. कॅनचं झाकण उचलावं तसं, तीनच सेकंद, वास लवकर उडू नये म्हणून. गेल्या चैत्रात एकदा उघडला तर आत काहीच नव्हतं. संपला, असं ते स्वतःशीच म्हणाले होते, आणि त्यानंतर डबा उघडला नव्हता. त्या दिवशी ते जेवले नव्हते.

आता त्यांनी झाकण उचललं. काहीच आलं नाही. पण आता काहीच नाही याचे दोन अर्थ होते, आणि त्यांतला खरा कोणता हे त्यांना सांगता येईना. विचारावं असं घरात कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारची सभा चुकवून, अण्णा कान-नाक-घशाच्या डॉक्टर बागवानांकडे गेले. डॉक्टर मितभाषी होते. त्यांनी नाकात नळी घातली, वेगवेगळ्या कुप्या हुंगायला दिल्या आणि मग खुर्ची जवळ ओढली.

"मोठी सर्दी कधी झाली होती?"

"गेल्या वर्षी. मार्गशीर्षात. ताप होता चार दिवस."

"तेव्हाच गेलंय. विषाणू वासाच्या पेशी मारतो. तरुणांच्या परत येतात. तुमच्या वयात, चौदा महिन्यांनंतर, मी खोटी आशा दाखवणार नाही."

"पण कापूर येतो की मला. आणि आमच्या तपासणीची पिशवी, स्पिरिटची, ती तर दर वेळी बरोबर..."

"नाकात दोन नसा असतात, अण्णा. एक वासाची. दुसरी चेहऱ्याची, ती फक्त झोंबणं कळवते. कापूर, स्पिरिट, मिरचीची फोडणी. ती तुमची शाबूत आहे. किती झोंबलं यावरून तुम्ही आकडा सांगत असणार." डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "मला एकच कळत नाही. चौदा महिने घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? भाजी करपली, दूध नासलं, कुणीतरी म्हणतंच की."

जेवण अळणी लागतं ते एकट्याने जेवतो म्हणून, अशीच अण्णांची समजूत होती. नाक गेलं हे कळायलासुद्धा घरात दुसरं माणूस लागतं, हे त्यांना त्या खुर्चीत बसल्या बसल्या समजलं, आणि डोळे भरून आले.

सरळ जाऊन सांगायला हवं होतं. अण्णांनाही ते कळत होतं. पण वासाच्या समितीत बिननाकाचा माणूस काय करणार? मंगळवारी कुठे जायचं, शुक्रवारी कुठे जायचं, आणि "या अण्णा" कोण म्हणणार? रविवारी पद्मजाचा फोन आला तेव्हा शब्द ओठांवर आले होते. तिने विचारलं, "समिती काय म्हणतेय?" आणि ते म्हणाले, "जोरात."

त्यांनी मनाशी एक तोड काढली. माणूस खोटं बोलायला लागला की हिशेबी होतो. यापुढे मळ्याच्या पिशवीला तीन द्यायचे. म्हणजे कमलताईंनाही न्याय आणि आपलीही जागा शाबूत. पण पिशव्यांवर नावं नव्हती. मंगळवारी आडोशात बसून त्यांनी पाचपैकी कोणती पिशवी मळ्याची असेल याचा अंदाज बांधला आणि चौथीला तीन दिले. चौथी निघाली सरकारी बागेची. मळ्याची दुसरी होती, आणि तिला त्यांनी एक दिला होता.

सभेच्या शेवटी समितीच्या समन्वयक डॉ. इरावती साबळे पडद्यासमोर उभ्या राहिल्या. तिशीची, चटपटीत, सगळ्यांना "सर" आणि "मॅडम" म्हणणारी शास्त्रज्ञ.

"एक अवघड गोष्ट सांगायची आहे. कमल मॅडमचा विश्वासांक आज नऊ झाला. नियमाप्रमाणे दहाच्या खाली आलेल्या सभासदांना निवृत्त करावं लागतं. शुक्रवारची सभा त्यांची शेवटची. आपण त्यांना मानपत्र देऊ."

कुणी कमलताईंकडे बघितलं नाही. त्याच उठल्या.

"मानपत्र नको मला," त्या म्हणाल्या. "त्यापरीस एक डाव मळ्यात या सगळी. नुसतं या, आन् माझ्या घरी च्या पिऊन जावा."

सगळ्यांनी "हो हो, नक्की" म्हटलं आणि बिस्किटं घेतली. दुसऱ्या दिवशी एकटे अण्णा गेले.

मळ्यात त्यांना वास आला नाही, पण आता ते डोळ्यांनी बघत होते. भर दुपारी सगळ्या खिडक्या बंद. खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या. एक आजी चुलीपुढे तोंडाला फडकं बांधून भाकरी थापत होती. अंगणात वाळत घातलेलं एक कापड दिसेना. सगळे कपडे घरात दोऱ्यांवर. कमलताईंनी दार उघडलं आणि त्यांना आत घेऊन पटकन लावून घेतलं.

आतल्या खोलीत एक नवी कोरी बाज होती. उशी, दुपटी, लहानग्या कुंच्या, सगळं घडी घालून ठेवलेलं. बाजेवर कुणी नव्हतं.

"लेकीसाठी केलंय," कमलताई म्हणाल्या. "अश्विनी माझी. पयलं बाळंतपन. सातव्यात आनली हुती. आठ दीस ऱ्हायली, अन्नाचा कन पोटात ठरंना. वास आला की वकायची. जावई आलं आन् घिऊन गेलं. त्यांचं बी काय चुकलं?" त्यांनी एक दुपटं उचललं, पुन्हा घडी घातली. "मी एकलीच हाय घरात. हिचं लगीन ठरलं तवाच अर्ज भरला हुता तुमच्या समितीत, पुढं बाळंतपनाला हितंच येनार म्हून. म्हनलं, खरं त्ये सांगायचं, यंत्र ऐकंल."

अण्णांना बसवेना. चहा समोर होता. आपण एकटे पडू नये म्हणून या बाईला आपण एकटं पाडलं, हे त्यांच्या मनात इतक्या स्वच्छ शब्दांत आलं की त्यांनी कप खाली ठेवला.

"अश्विनीला कितवा?"

"आठवा लागला."

"शुक्रवारी सभेला या," अण्णा म्हणाले. "चुकवू नका."

शुक्रवारी ते नेहमीसारखे बिनसाबणाची आंघोळ करून गेले. "या अण्णा!" झालं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. मग आडोशात न जाता ते मधल्या टेबलापाशी आले, आपली काचेची वाटी टेबलावर ठेवली आणि उलटी केली.

"दूध संघात असताना मी हे करत होतो," ते म्हणाले. "झाकण उलटं म्हणजे आतलं नासलं. आज माझंच नासलंय. मला वास येत नाही. चौदा महिने येत नाही. डॉक्टरांचा कागद आणलाय."

साबळे मॅडमनी कागद वाचला, मग पुन्हा वाचला. "पण सर, तपासणीची पिशवी तुम्ही एकदाही..."

"ती झोंबते, बाई. झोंबणं आणि वास वेगळे. तुमच्या यंत्राला ते ठाऊक नव्हतं, आणि मलाही. कळलं त्याला आठ दिवस झाले. त्या आठ दिवसांत मी एका सभेला बसलो आणि आकडे ठोकून दिले. ते मात्र मी जाणूनबुजून केलं."

साबळे मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता, पण बाई शास्त्रज्ञ होती. त्यांनी नासिकेतून अण्णांचे चौदा महिने काढून टाकले, सगळ्यांचे विश्वासांक पुसले आणि मळ्याची त्या सकाळची पिशवी जोडायला लावली.

"सगळ्यांनी आडोशात बसा. दुसऱ्याचा आकडा काय असेल याचा विचार करू नका. फक्त तुमचं नाक."

आठ जण बसले. अण्णा टेबलापाशी उभेच राहिले. पडद्यावर एकेक आकडा उमटला. चार. पाच. चार. पाच. पाच. सहा. चार. आणि टोकाला कमलताईंचा, नेहमीचा, पाच.

मंगळवारपर्यंत जे एक-दोन देत होते ते आडोशांतून बाहेर आले तेव्हा कुणाची मान वर नव्हती. नासिकेने काय करायचं ते तिथल्या तिथे केलं. क्षीरधारेच्या झडपा बंद झाल्याचा संदेश पडद्यावर आला. गाळाचे हौद झाकल्याशिवाय त्या आता उघडणार नव्हत्या. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. कमलताई पडद्याकडे बघत राहिल्या, मग वळून अण्णांकडे बघितलं आणि जिना उतरून गेल्या.

"सर, चहा घेऊन जा," साबळे मॅडम म्हणाल्या. अण्णांनी घेतला. उभ्यानेच, बिनसाखरेचा. त्यांच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं.

त्यानंतरचे मंगळवार फार लांब होते. पहिल्या मंगळवारी अण्णांनी सवयीने साबण बाजूला ठेवला, आणि अंगावर दोन तांबे घेतल्यावर लक्षात आलं. मग त्यांनी मुद्दाम चांगला वासाचा साबण लावला, दोनदा, पण त्याचा त्यांना उपयोग नव्हता. फोन वाजत नव्हता. दिवे समितीचा अर्ज आणून ठेवला होता तो टेबलावर तसाच पडून होता. पद्मजाला त्यांनी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अण्णा, मी दर रविवारी विचारायला पाहिजे होतं की भाजीला वास कसा येतोय." "तुला काय माहीत, बाळ," असं म्हणून तिची समजूत त्यांनाच काढावी लागली.

सातव्या मंगळवारी सकाळी दार वाजलं. कमलताई. हातात डबा.

"राग गेला न्हाई माझा, आदीच सांगते," त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "चवदा म्हयने काय थोडं न्हवं. पर लेक आली. हौदं झाकल्याबरोबर आली. परवा मोकळी झाली, मुलगी हाय. वाटायचा म्हून सुंठवडा आनलाय."

अण्णांनी चिमूटभर तोंडात टाकला. गोडपणा जेमतेम कळला, आणि मग सुंठ नाकात, घशात, डोळ्यांत झोंबली. ते हसले. कितीतरी दिवसांनी तोंडात टाकलेलं काहीतरी त्यांच्याशी बोललं होतं.

"बसा ना. एक काम होतं. तुमच्या नाकाचं."

कमलताई बसल्या. अण्णांनी कपाटातला डबा आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"काय हुडकायचं?"

"काही नाही. आडोशात बसल्यावर कोण सांगतं काय शोधायचं? झाकण उचला आणि आकडा सांगा."

त्यांनी झाकण उचललं, ते शेजारी उलटं पडलं. शालीवर वाकून डोळे मिटले. दोन श्वास. अण्णांना त्यांच्या तोंडाकडे बघवेना. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

"एक," कमलताई म्हणाल्या.

एक. हाच आकडा त्यांनी स्वतः चौदा महिने दिला होता, काहीच येत नसताना.

"एक म्हणजे... म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून?"

"अण्णा, अख्ख्या समितीपुढं मी कुनासाठी आकडा हलवला न्हाई, आता हलवीन व्हय? शून्य असता तर शून्य म्हनले असते." त्या पुन्हा वाकल्या. "चंदन हाय. लांबनं आल्यागत. आन् हितं, ह्या टोकाला कायतरी येगळं हाय. थांबा." त्यांनी शालीचा कोपरा चिमटीत धरून नाकाशी नेला. "ओवा. ओवा बांधला हुता का कुनी हितं?"

अण्णा खाली बसले. शेवटच्या थंडीत त्रिशलाबाईंना खोकला झाला होता. त्या शालीच्या टोकाला ओव्याची पुरचुंडी बांधून मंदिरात जात आणि वाटेत हुंगत. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते काही नव्हतंच.

ते रडले. कमलताईंनी त्यांना रडू दिलं; समजूत घालायला त्या जवळ आल्या नाहीत आणि उठूनही गेल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी शालीची घडी सारखी केली आणि डबा त्यांच्याकडे सरकवला.

"पुढच्या महिन्यात परत येऊन सांगाल?" अण्णांनी विचारलं.

"सांगीन. पर शून्य झालं तर शून्यच सांगीन."

"तेच पाहिजे," अण्णा म्हणाले, आणि उलटं पडलेलं झाकण उचलून त्यांनी ते डब्यावर सुलटं लावलं.